मावतील तेवढे शब्द

सकाळी क्लास उघडला की चाचा आधी खिडक्या उघडायचे, मग व्होल्टेज बघायचे, आणि काटा जागेवर असला तरच मशीन सुरू करायचे. मशीन जागं झालं की त्यात किती मेमरी मोकळी आहे ते त्यालाच विचारायचं, हा त्यांचा नेम. उत्तर पडद्यावर यायचं. चाचा उभे राहून ते एकेक आकडा सुटा करत मोठ्याने वाचायचे. "सहा, पाच, पाच, तीन, सहा, शून्य. एकूण." मग मोकळी किती, तो आकडा. आवाज रेडिओवर हवामान सांगतात तसा. बाकावरची मुलं तोवर हलायची नाहीत. एखादा नवीन मुलगा हसलाच तर जुनी मुलं त्याला कोपराने ढोसायची, कारण मोकळी जागा कालच्यापेक्षा कमी निघाली तर पुढचा सगळा तास चाचा चोर शोधण्यात घालवणार हे त्यांना माहीत असायचं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर नुसता बघायलासुद्धा लोक यायचे, दारात उभे राहायचे, आणि हात न लावता परत जायचे. एसटी स्टँडच्या मागे छत्र्यांच्या दुकानावर चाचांचा क्लास होता. दोन खोल्या, दोन मशीनं, एक टेबलफॅन, आणि तो फॅन माणसांकडे नाही, मशीनकडे तोंड करून. मशीनं त्यांच्या पुतण्याने कुवेतहून आणली होती. चाचा स्वतः वीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन आणि बोटाखाली मोर्सची कळ, यातच उमेदीची वर्षं गेली. जहाज सोडून घरी आले तरी चालताना हात मागे बांधून, पाय जरा फाकवून चालायचे. ती गल्ली कधीही एका बाजूला कलंडेल असा त्यांना संशय असावा. डाव्या मनगटावर इथलं घड्याळ, उजव्या मनगटावर ग्रीनिचच्या वेळेचं. आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपल्याला तार आली.

मी मूळची सावर्ड्याची. बी.कॉम. होऊन रत्नागिरीत मावशीकडे राहत होते आणि टायपिंग शिकवत होते. कुणीतरी सांगितलं म्हणून चाचांकडे नोकरी विचारायला गेले. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "स्वतःबद्दल सांग."

मी सांगितलं. गाव, वडील, कॉलेज, टायपिंगची परीक्षा, आवड, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हेच निम्म्यात सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"आणखी निम्म्यात."

आता मला राग आला होता. मी म्हटलं, "सावर्ड्याची. बी.कॉम. टायपिंग येतं."

"उद्यापासून ये," ते म्हणाले.

मी जिना उतरायला लागले तर वरून हाक आली. "बाय, रागावलीस?"

"हो."

"बघ. एका शब्दात आलं."

पुढे कितीतरी दिवस मला वाटत होतं की हा माणूस तुसडा आहे. मग एकदा पावसात वीज गेली, मुलं घरी गेली, आणि आम्ही दोघं वीज येण्याची वाट बघत बसलो असताना त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. जहाजावर नवीन लागले होते तेव्हाची. खराब हवेत एका छोट्या बोटीची हाक त्यांच्या हेडफोनमध्ये आली. पाठवणारा पोरगा असावा, घाबरलेला. त्याने आधी काय झालं ते कळवलं. मग बोटीवर किती माणसं ते कळवलं. इंजिनात पाणी कसं शिरलं तेही कळवलं. "कुठे आहोत ते शेवटी सांगणार होता," चाचा म्हणाले. "तेवढ्यात आवाज बंद झाला."

"मग?"

"आम्ही शोधलं. समुद्र मोठा असतो."

 त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. पण त्यांच्या 'निम्म्यात सांग'चा राग मला त्यानंतर आला नाही.

मेमरी हा त्यांचा आवडता विषय त्यामुळेच असेल. त्या काळी मशीन ज्यावर चालायचं त्या डॉसला सहाशे चाळीस किलोबाइटच्या पलीकडचं काही दिसायचंच नाही. मशीनमध्ये तुम्ही जास्त मेमरी आणून घातली तरी तुमचा प्रोग्राम त्या सहाशे चाळीसमध्येच बसवायचा, आणि त्यातली थोडी जागा डॉस स्वतःलाच घ्यायचा. इतरांना ही अडचण वाटायची. चाचांना यात शिस्त दिसायची. एकदा एक आंबा बागायतदार मुलाचं नाव घालायला आले होते. त्यांनी विचारलं, "सहाशे चाळीसच का हो? सातशे का नाही?"

"ज्याने ठरवलं त्याला वाटलं, पुरेल," चाचा म्हणाले.

बागायतदारांनी मान हलवली. "आमच्या वडिलांनी पण घराला दोनच खोल्या काढलेल्या. आम्ही भाऊ पाच झालो."

"मग काय केलंत?"

"पडवी बांधून काढली."

"इथे पडवी नाही," चाचा म्हणाले, आणि मुलाचं नाव लिहून घेतलं.

चोराचं सांगायचं तर, काही प्रोग्राम असे असायचे की एकदा सुरू केले की मेमरीत ठाण मांडून बसायचे. दिसायचे नाहीत, पण जागा अडवायचे. बँकेतला एक कारकून संध्याकाळी शिकायला यायचा. हौशी माणूस. त्याने मुंबईहून एक असाच प्रोग्राम आणला होता. तो घातला की पडद्याच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ चालू राहायचं. त्याने तो गुपचूप असा बसवून ठेवला की मशीन सुरू झालं की घड्याळ आपोआप आत जावं. दुसऱ्या सकाळी आकडा कमी. चाचांनी सगळ्यांना उभं केलं. "आत कोण बसलंय?" घड्याळ पडद्यावर समोर चालू होतं, पण त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. संध्याकाळी कारकून आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "घड्याळ हाताला बांध. मशीनला नको." आणि दोन्ही मनगटं पुढे करून दाखवली. कारकुनाला हसावं की माफी मागावी कळेना. त्याने दोन्ही केलं.

चाची चाचांच्या अगदी उलट. राजिवड्यात खाडीच्या बाजूला त्यांचं चिऱ्याचं घर होतं. मुलबाळ नव्हतं. घरात दोघंच, पण बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की आत लग्नघर आहे. चाची चुलीशी, गॅसशी, मांजराशी, भिंतीपलीकडच्या शेजारणीशी, दारात आलेल्या मासेवालीशी, आणि कुणीच नसलं तर स्वतःशी बोलायची. मी आठवड्यातून एकदा क्लासच्या कामासाठी जायचे. कामाचं बोलणं दोन मिनिटांचं. उरलेला वेळ चाचीचा. चहा, तांदळाची भाकरी, कधी बांगड्याचं कालवण, आणि त्याबरोबर सगळ्या मोहल्ल्याचा वृत्तांत. कोणाच्या मुलाचा व्हिसा आला, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, कोणी कोणाच्या माडावरचा नारळ आपला म्हणून नेला.

"हा माणूस जहाजावर असायचा तेव्हा मी सगळं लक्षात ठेवायची," ती एकदा मला म्हणाली. "आठ-नऊ महिन्यांनी यायचा. मग बसवून पहिल्यापासून सांगायची. एक गोष्ट सोडायची नाही."

"आणि चाचा?"

"बसायचा. कानाला यंत्र लावल्यासारखा. हुंकारसुद्धा मोजून द्यायचा."

चाचा शेजारीच पेपर वाचत होते. पेपराआडून म्हणाले, "हूं." चाची हसून हसून बेजार झाली.

तिला पक्षाघाताचा झटका आला तो एका सकाळी, मासे साफ करताना. शेजारीण धावली, रिक्षातून इस्पितळात नेलं, जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं कळतं, वाचलेलंही कळतं. फक्त जीभ साथ देत नाही. पुढे थोडीफार सुधारेल, नाहीही सुधारणार. महिन्याभराने तिला घरी आणलं. मी भेटायला गेले. चाची खिडकीशी खाटेवर बसवलेली होती. मला बघून तिने तोंड उघडलं, घशातून एक लांबट आवाज आला, आणि तो आपलाच आवाज ऐकून तिने तोंड मिटून घेतलं. घरात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. त्या घरात घड्याळ ऐकू येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चाचांनी आधी मोर्स करून बघितलं. डाव्या हाताने खाटेवर टकटक करायची, हे त्यांना सगळ्यात सोपं वाटलं. चाचीने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. मग पाटी आणली. डाव्या हाताने अक्षरं वेडीवाकडी यायची, आणि एक शब्द होईपर्यंत समोरचा माणूस भलताच शब्द ओळखून मोकळा व्हायचा. मग पुठ्ठ्यावर शब्द लिहून समोर ठेवले, बोट ठेवायचं म्हणून. तिने बोट ठेवलं, पण चाचा स्वयंपाकघरात पाठमोरे होते. पुठ्ठा काही हाक मारत नाही. चाची तशीच बोट ठेवून बसून राहिली, आणि मग तिने तो पुठ्ठा खिडकीतून बाहेर टाकला.

दुसऱ्या दिवशी चाचा क्लासमध्ये आले, आकडा वाचला, आणि मुलांसमोरच मला म्हणाले, "एक मशीन घरी नेतोय. तुला अक्षर काढता येतं?"

"बरं आहे अक्षर."

"चौकटीच्या कागदावर?"

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. पडद्यावर मराठी शब्द दाखवायचा तर तो चित्र म्हणून काढावा लागायचा. म्हणून मी चौकटीच्या कागदावर शब्द काढायचे, कोणती चौकट काळी, कोणती पांढरी. आणि चाचा ते टिंबटिंब करून मशीनमध्ये भरायचे. मग त्यांनी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर शब्दांच्या रांगा. डाव्या हाताने बाणाच्या कळा दाबत हव्या त्या शब्दावर जायचं, मोठी कळ दाबायची. शब्द पडदाभर मोठा होणार आणि मशीन शिट्टी मारणार. शिट्टी स्वयंपाकघरातच काय, भिंतीपलीकडे शेजारणीलाही ऐकू जायची.

पहिले शब्द चाचांनी निवडले होते. पाणी. चहा. औषध. दुखतं. थंडी. पंखा. झोप. हो. नको. संकटात सापडलेल्या जहाजाला जे लागेल ते सगळं होतं. चाचीसमोर मशीन मांडलं, तिला उशांचा टेकू दिला. ती एकेक शब्दावरून पुढे गेली. शेवटच्या शब्दापर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून गेली. मग तिने कळ न दाबता हात मांडीवर ठेवला.

"काय चुकलं?" चाचांनी मला विचारलं.

 तेवढ्यात दारात मासेवाली आली. ती चाचीच्या रोजच्या भांडणातली. टोपली उतरवून तिने शेजारणीच्या हातात सौंदाळे दिले आणि म्हणाली, "चाची, आत्ता होडीतून उतरलंय, घ्या डोळे मिटून." चाची तिथूनच टोपलीकडे बघत होती. तिच्या कपाळाची शीर फुगली. ती पडद्याकडे वळली, भराभर कळा दाबत 'पाणी'वरून 'पंख्या'वर, 'पंख्या'वरून 'नको'वर, तिथून परत. तिला जे म्हणायचं होतं ते तिथे नव्हतं. मासेवाली निघून गेली, आणि चाची रडायला लागली.

मी कागद ओढला आणि एक शब्द काढला. चाचा बघत राहिले. "हा?" त्यांनी विचारलं.

"हा," मी म्हटलं.

दोन दिवसांनी मासेवाली परत आली. चाची तिची वाटच बघत होती. टोपली उतरली, फडकं बाजूला झालं, आणि आतून कर्कश शिट्टी वाजली. मासेवालीने वाकून आत बघितलं. पडदाभर अक्षरं: शिळं.

तिला वाचता येत नव्हतं. "काय म्हणतायत?" तिने शेजारणीला विचारलं.

"शिळं म्हणतायत."

"अगो बाय, ही पेटी पण तशीच बोलते?" मासेवाली म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून टोपलीच्या तळातून दुसरे मासे काढायला लागली. चाचीने पुन्हा कळ दाबली. पुन्हा शिट्टी. गरज नव्हती, पण दाबली.

त्यानंतर चाचीला शब्द हवे झाले. कोणते, हे तिला सांगता यायचं नाही, आपण ओळखायचं. आपण एकेक शब्द म्हणायचा, ती मान हलवणार, जवळ आलो की भुवया उचलणार. हे काम चाचांवर आलं. आयुष्यभर तारेच्या भाषेत बोललेला माणूस दुपारी जेवण झाल्यावर खाटेशेजारी स्टूल घेऊन बसायचा आणि बोलायचा. "आगाऊ? चोंबडी? कजाग? बरं, माणूस नाही. मग भाजी? खारट? अळणी? जळकं?" चाचा इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. घसा बसायचा त्यांचा. संध्याकाळी क्लासमध्ये येऊन मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे.

हळूहळू शब्द जमले. खारट. खोटं. कोण म्हणालं. मला माहीत होतं. गप्प बसा. आणि एक शब्द तिला सगळ्यात आवडला: मग? शेजारीण येऊन बसायची, काहीबाही सांगायला लागायची, आणि थांबली की चाची कळ दाबायची. शिट्टी. 'मग?' शेजारीण पुढे सांगायची. एका शब्दावर चाची अख्खी दुपार काढायची. घरात पुन्हा माणसं यायला लागली.

आणि मग एका दुपारी नवा शब्द भरताना पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: आउट ऑफ मेमरी.

चाचांना ती येणार हे माहीत होतं. मला वाटलं होतं, सहाशे चाळीस किलोबाइट म्हणजे पुष्कळ. पण त्यांनी प्रोग्राम ज्या बेसिक भाषेत लिहिला होता ती त्यातल्या जेमतेम दहाव्या भागापर्यंतच पोचायची. उरलेली मेमरी मशीनमध्ये होती, रिकामी होती, आणि आमच्या काही उपयोगाची नव्हती.  "सगळं घर मोकळं," चाचा म्हणाले, "आणि आपण कोनाड्यात."

एक उपाय होता. जास्तीचे शब्द फ्लॉपीवर ठेवायचे, लागतील तसे आत घ्यायचे. तो करून बघितला. चाचीने शब्द निवडला की फ्लॉपी घरघरायला लागायची. घर्र, घर्र, थांब, पुन्हा घर्र. शब्द येईपर्यंत भांडायला आलेलं माणूस पायऱ्या उतरून गेलेलं असायचं. रिकाम्या दाराला 'मला माहीत होतं' म्हणून काय उपयोग? दोनदा तसं झालं, आणि तिसऱ्या वेळी चाचीने डाव्या हाताने फ्लॉपीच बाहेर ओढली.

म्हणजे नवा शब्द आत घ्यायचा तर जुना बाहेर काढायचा. चाचा स्टूल घेऊन बसले. "शिळं काढू? त्याच्या जागी 'नको' चालेल."

चाचीने टेबलावर थाप मारली.

"खोटं?"

पुन्हा थाप.

"बरं, तू काढ."

ती बाणाच्या कळा दाबत गेली आणि 'औषध'वर थांबली. मग 'दुखतं'. मग 'झोप'. चाचा म्हणाले, "रात्री दुखलं तर?" तिने खांदा उडवला. दुखलं तर कण्हता येतं. ते काम तिला मशीनशिवाय जमत होतं. चाचांनी ते शब्द काढले. ते शब्द त्यांना हवे होते, तिला नव्हे.

मग एका शब्दाने आम्हाला फार छळलं. तिला काहीतरी हवं होतं आणि ते सापडेना. चाचा दिवसेंदिवस बोलत राहिले. खाण्याचे शब्द झाले, नात्याचे झाले, शिव्या झाल्या. त्या म्हणताना त्यांनी मला ओटीवर जायला सांगितलं. चाची मान हलवत राहिली. आधी चिडली, मग चिडायचीही थांबली. मशीनकडे बघेना. शेजारीण आली तरी 'मग?' दाबेना. चाचा घाबरले. आत कुठे दुखत असेल, सांगता येत नसेल, म्हणून डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

ज्या दुपारी ते सापडलं त्या दुपारी मी तिथेच कागद घेऊन बसले होते. चाचा शब्द म्हणत म्हणत थकले होते. उकाडा होता. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. चाचीने त्यांच्याकडे बघितलं, डावा हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"ऐकतोय," चाचा झोपेतच म्हणाले.

चाचीच्या घशातून आवाज फुटला. ती पुन्हा त्यांच्या गुडघ्यावर मारायला लागली. चाचा दचकून जागे झाले. "काय? काय झालं?" ती मारतच राहिली, आणि रडत होती की हसत होती ते मला कळेना. मग चाचांचा चेहरा बदलला. मलाही आठवलं. ती कोणतीही गोष्ट सांगायची तेव्हा दर थोड्या वेळाने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारून विचारायची, "ऐकताय ना?" आणि चाचा म्हणायचे, "ऐकतोय." इतक्या वर्षांत ते विचारणं कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. तिने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. चाचांना तिची हाक तीच होती, आणि पडद्यावर सगळ्या मोहल्ल्यासाठी शब्द होते, त्यांच्यासाठी एकही नव्हता.

"ऐकताय ना," चाचा हळू म्हणाले.

चाचीने डोळे मिटून मान डोलावली.

मी शब्द काढला. लांब होता, जास्त चौकटी लागल्या. भरायला घेतला तर मशीन म्हणालं, आउट ऑफ मेमरी. चाचीने काहीही काढायला नकार दिला. चाचांनी मग प्रोग्रामच वरपासून वाचायला घेतला. प्रोग्राममध्ये एक बारीकसा तुकडा होता. तो पडद्याच्या कोपऱ्यात ग्रीनिचची वेळ दाखवायचा. चाचांनी तो कधी घातला ते मलाही ठाऊक नव्हतं; सवयीने घातला असेल. त्यांनी तो खोडला आणि शब्द आत बसला.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा आतून शिट्टी येत होती, आणि दर शिट्टीमागे चाचा म्हणत होते, "ऐकतोय." तिने पुढे काही सांगितलं नाही. नुसतंच विचारत होती.

चाची त्यानंतर काही वर्षं होती. जिभेला थोडं वळण आलं, चार-दोन शब्द तोंडाने यायला लागले, पण दमायची, मग मशीनकडे वळायची. मधेच वीज गेली की पडद्यावरचं भांडण अर्धं राहायचं, आणि वीज आल्यावर ती जिथे सोडलं तिथून सुरू करायची. चाचांच्या पुतण्याने जास्त मेमरीचं नवं मशीन आणायची तयारी दाखवली. चाचांनी नको म्हणून कळवलं. त्यात डॉस तोच होता, बेसिक तीच होती. "कोनाडा तेवढाच," ते म्हणाले. दरम्यान माझं लग्न झालं, मी चिपळूणला गेले. चाची गेल्याचं मला उशिरा कळलं. दशक संपत आलं होतं.

मी राजिवड्याला गेले तेव्हा तिची खाट काढलेली होती, टेबलावर मशीन तसंच होतं, त्यावर तिची ओढणी घातलेली. चाचा ओटीवर होते. बारीक झाले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.  तेवढ्यात एक बाई आली. आंजर्ल्याकडची, पन्नाशीची, दमलेली. तिचा नवरा शाळेत शिक्षक होता. त्यालाही तसाच झटका आला होता, त्याचीही वाचा गेली होती. उपचारासाठी त्याला रत्नागिरीत भावाकडे आणून ठेवलं होतं. इस्पितळातल्या कुणीतरी तिला चाचांच्या पेटीबद्दल सांगितलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून सांगत होती, घाईघाईने, आम्ही मधेच तोडू या भीतीने.

चाचांनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग उठले, आत गेले, मशीनवरची ओढणी काढून घडी करून कपाटात ठेवली, आणि मला म्हणाले, "रिक्षा बोलव. तू पण चल, अक्षर तुझंच लागेल."

मी विचारलं, "चाचीची फ्लॉपी घेऊ? त्यात शब्द तयार आहेत."

"नको," ते म्हणाले. "ते तिचे. यांचे वेगळे असतील."

मशीन मांडीवर घेऊन आम्ही रिक्षातून गेलो. शिक्षक खुर्चीत बसले होते, स्वच्छ कपड्यांत, मान एका बाजूला. आम्ही आलेलं त्यांना आवडलं नव्हतं, ते दिसत होतं. मी चौकटीचा कागद काढला आणि सवयीने वर लिहिलं: पाणी. चाचांनी कागदावर हात ठेवला. स्टूल ओढून ते त्या बाईसमोर बसले.

"पाण्याचं नंतर बघू," ते म्हणाले. "हे चिडले की तुम्हाला आधी काय म्हणायचे, ते सांगा."

बाईने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा चाचांकडे. तिने पदर तोंडाला लावला. "सांगू का हो?" तिने नवऱ्याला विचारलं, आणि हसू आवरेना म्हणून मान खाली घातली. खुर्चीतल्या शिक्षकांची मान हळूहळू सरळ झाली. ती काय सांगते आहे ते ऐकायला ते पुढे वाकले.